गाडीच्या मूळ बॅटरीवर शंभर वॉट

कारमध्ये हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या दुतर्फा बोलण्याच्या रेडिओचा, ॲम्प्लिफायर (पाठवायच्या सिग्नलची ताकद वाढवणारा डबा) बसवायचा विषय निघाला की पहिली शंका विजेची येते. बॅटरी पुरेल का, अल्टरनेटर जळेल का, गाडी आडरानात बंद पडली तर काय? मी माझ्या २०१४ सालच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर बसवला आहे. अल्टरनेटर कंपनीचाच आहे आणि बॅटरीही कंपनीने दिली होती त्याच मापाची आहे. हे काम करताना मी जे मोजलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं. छोट्या गाडीतही वीज पुरेशी असते. ती बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाताना वाटेत गळते. त्यामुळे पैसा आणि मेहनत घालायची ती त्या वाटेवर.

आधी कायद्याचं बोलून घेतो. आपल्याकडे २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, म्हणजे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, २००५ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला आहे, पण मर्यादा पाच वॉटची. ट्रक ड्रायव्हरांनी हा बँड जिथे घरोघरी पोहोचवला त्या अमेरिकेतही एएम या पद्धतीने बोलताना ४ आणि एसएसबी या दुसऱ्या पद्धतीने १२ वॉटच चालतात, आणि सीबीला ॲम्प्लिफायर जोडायला तिथेही बंदी आहे. तेव्हा सीबीसाठी ‘लिनिअर’, म्हणजे असाच ॲम्प्लिफायर, घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडून द्यावा. मी लिहितोय ते हॅम बँडबद्दल. माझा परवाना जनरल ग्रेडचा आहे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्यांनी आपल्या परवान्यातली मर्यादा बघूनच ॲम्प्लिफायरचा विचार करावा.

मला हे का हवं होतं, तेही सांगतो. आम्ही कराडचे आणि माझी मावशी चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तिचा फोन लागेना. कुणाचाच लागेना. माझ्याकडे परवाना होता, रेडिओ होता, पण हातातला व्हीएचएफ सेट कुंभार्ली घाट ओलांडत नाही. समोर डोंगर आला की संपलं. डोंगरापलीकडे बोलायचं तर दिवसा ४० मीटरचा बँड, म्हणजे सात मेगाहर्ट्झ, कामाला येतो. लहर वर जाते, आयनोस्फिअरवरून वळून पलीकडच्या खोऱ्यात उतरते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांना हा बँड फार जवळचा आहे.

अडचण होती अँटेनाची. सात मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना म्हणजे साधारण साडेदहा मीटर. गाडीवर लावता येते ती अडीच मीटरच्या आतली काठी, मधे कॉइल घातलेली. ती उभी असते, त्यामुळे सरळ वर लहर फेकायला आदर्शही नाही. तिच्यात दिलेल्या शक्तीचा मोठा भाग कॉइलमध्ये आणि गाडीखालच्या जमिनीत उष्णता होऊन जातो. माझ्या पाच वॉटच्या सेटवर घरच्या डायपोलने (दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाने) मजेत बोलणं होत असे. तोच सेट गाडीच्या काठीला जोडला की समोरच्याला माझी हाक गोंगाटाच्या वर येत नसे. पाचाचे शंभर वॉट केले की १३ डेसिबल मिळतात, म्हणजे रेडिओच्या सिग्नल मीटरवरच्या पायऱ्यांत, एस-युनिटमध्ये, दोनपेक्षा थोडं जास्त. ऐकू न येणारं बोलणं ऐकू यायला तेवढं पुरतं. अँटेना आधी सुधारावी हे खरंच आहे आणि मी ती सुधारली. कॉइल जाड तारेची करून घेतली, बुडखा बॉडीला पक्का बांधला. ते करूनही कमी पडलं तेव्हाच ॲम्प्लिफायर घेतला.

आता वीज. माझी बॅटरी ३८बी२०एल मापाची, ३५ अँपिअर-अवरची. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत हीच असते. अल्टरनेटरच्या पाटीवर ७५ अँपिअर लिहिलंय. पण ते इंजिन वेगात फिरत असताना. आयडलिंगला असा अल्टरनेटर पाटीच्या निम्म्याच्या आसपास देतो. ही गोष्ट हॅमसाठी महत्त्वाची, कारण गाडी चालवताना मी माइक हातात घेत नाही. बाजूला थांबतो, इंजिन चालू ठेवतो आणि मग बोलतो. म्हणजे ॲम्प्लिफायर चालणार तो नेमका अल्टरनेटर कमजोर असतानाच.

ॲम्प्लिफायर शंभर वॉट देताना वीस अँपिअर ओढतो. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण एसएसबीवर बोलताना तो वीस अँपिअर सतत ओढत नाही. शब्दाच्या जोरावर वीसपर्यंत जातो, दोन शब्दांमधल्या फटीत एकावर येतो. बोलत असताना सरासरी धरली तर सहा-सात अँपिअर. आणि हॅमवर माणूस बोलतो त्याच्या दुप्पट ऐकतो. सगळ्याची सरासरी काढली तर रेडिओ धरून तीन अँपिअरच्या आत बसतं. गाडीचे दोन हेडलाइट दहा अँपिअर खातात. म्हणजे तासाभराच्या हिशेबात माझा शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर हेडलाइटच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोहोचत नाही. एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे मजकूर पाठवायची पद्धत) किंवा एफएमवाल्यांना हा हिशेब लागू नाही. तिथे पाठवत असेपर्यंत पूर्ण वीस अँपिअर वाहतात, म्हणजे एफटी८ मध्ये पाठवण्याच्या प्रत्येक पंधरा सेकंदांच्या फेरीतले जवळजवळ तेरा सेकंद.

म्हणजे अल्टरनेटरला सरासरी झेपते आणि क्षणाचा धक्का बॅटरी सोसते. स्टार्टरला शंभरावर अँपिअर देणाऱ्या बॅटरीला वीसचा धक्का जड नाही. मग गडबड कुठे होते? वायरमध्ये.

सिगारेट लायटरच्या सॉकेटचा तर विचारही करू नये. त्याचा फ्यूज बहुतेक गाड्यांत पंधरा अँपिअरचा असतो आणि मागची वायर बारीक. ॲम्प्लिफायरला बॅटरीवरून थेट वायर लागते. माझा ॲम्प्लिफायर डिकीत आहे, कारण अँटेना मागे आहे आणि त्याच्या हीटसिंकला हवा हवी. बॅटरीपासून डिकीपर्यंत वळणं धरून पाच मीटर. तांब्याची चार चौरस मिलिमीटरची वायर मीटरला ४.३ मिलिओहम. पाच मीटरचे साडेएकवीस. वीस अँपिअर वाहिले की त्यात ०.४३ व्होल्ट गेले, आणि परतीची वायरही तशीच घातली तर तेवढेच पुन्हा. सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर पाच मीटरमध्ये ०.११ व्होल्ट. मी सोळा ठरवली.

आमच्याकडे मार्केट यार्डाजवळ एक वायरिंगवाले मामा आहेत, डायनामोच्या काळापासून गाड्यांची वायरिंग करणारे. त्यांना माप सांगितलं तर म्हणाले, “दादा, ही तर स्टार्टरच्या केबलच्या तोडीची झाली. एवढ्याशा डब्याला एवढं जाड कशाला?” मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग वेल्डिंगची केबल घ्या. मऊ असती, वळती चांगली.” ही सूचना लाखमोलाची ठरली. वेल्डिंगच्या केबलमध्ये केसासारख्या बारीक शेकडो तारा असतात, त्यामुळे ती दाराच्या पट्टीखालून, कोपऱ्यांवरून न मोडता जाते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फक्त एक काळजी घ्यायची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही असते. एक तार ब्लेडने खरवडायची. आतून पांढरी निघाली तर ती दुकानातच ठेवायची. उलट कलई केलेली तार वरून पांढरी आणि आतून लाल असते, ती चांगली. मामांनी दुकानदारासमोरच तार खरवडून बघितली आणि मगच केबल कापायला सांगितली.

केबल टाकायला बसलो तेव्हा बोनेटमधून आत यायला कंपनीचंच एक रबरी ग्रोमेट सापडलं. क्लच केबलच्या बाजूला. त्याला चिरा पाडून केबल आत घेतली, वरून सिलिकॉन भरलं. पत्र्याला नवीन भोक पाडावं लागलं असतं तर कडेला ग्रोमेट घातल्याशिवाय केबल आत घ्यायची नाही, कारण पत्र्याची धार हलत्या गाडीत इन्सुलेशन कापते आणि बॅटरीची पूर्ण ताकद तिथे बॉडीवर उतरते. बोनेटमधल्या सगळ्या भागावर नालीदार स्लीव्ह चढवली. आत डाव्या दारांच्या पट्टीखालून केबल मागे नेली. त्या बाजूने पिवळ्या कनेक्टरची वायर जात नाही ना, हे आधी बघितलं. पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅगची किंवा सीटबेल्टच्या टेन्शनरची लाइन. तिला हात लावायचा नाही, तिच्याशी समांतर केबलही न्यायची नाही.

निगेटिव्हबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय. जुन्या रेडिओंच्या पुस्तिकांमध्ये दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडायला सांगत आणि दोन्हींत फ्यूज घालायला सांगत. निगेटिव्हमध्ये फ्यूज का, तर इंजिन-बॉडीची अर्थिंगची पट्टी सैल झाली आणि कुणी स्टार्टर मारला, तर ते शंभर-दीडशे अँपिअर परतीची वाट शोधत रेडिओच्या निगेटिव्ह वायरीतून आणि अँटेनाच्या कोॲक्सच्या जाळीतून जाऊ शकतात. मी निगेटिव्हची लांब वायर टाकलीच नाही. डिकीत ॲम्प्लिफायरच्या शेजारी बॉडीला आधीपासून असलेल्या आठ एमएमच्या आट्याच्या भोकात बोल्ट लावला. त्याभोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा गोल घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, वायरीच्या टोकाची कडी, म्हणजे लग, घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. सीटबेल्टचा बोल्ट या कामाला वापरायचा नाही. पुढे बॅटरीची निगेटिव्ह पट्टी बॉडीला जिथे येते तीही काढून साफ केली, कारण आता परतीचा सगळा प्रवाह तिथूनच जाणार. नव्या गाड्यांत तर बॅटरीच्या मायनस टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर असतो. थेट टर्मिनलला वायर लावली तर सेन्सरला आपला लोड दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. बॉडीला लावली की दिसतो.

पॉझिटिव्हला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. तो वायरीचं रक्षण करायला असतो, म्हणून तो बॅटरीच्या जवळच हवा. ॲम्प्लिफायरजवळ दुसरा, पंचवीस अँपिअरचा. लग तांब्याचे, सोळा नंबरचे, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले, वर हीटश्रिंक. नुसत्या डाकावर मी भिस्त ठेवत नाही. जोड तापला तर डाक मऊ होतो.

मग आली ती तपासणी. ॲम्प्लिफायर जोडण्याआधी वायरिंगवर वीस अँपिअरचा लोड टाकून बघायचा होता. मामांच्या दुकानात हेडलाइटच्या जुन्या एच४ बल्बांचा खोका होता. एक फिलामेंट गेलेले, दुसरं चालणारे. ५५-६० वॉटचं एक फिलामेंट पाच अँपिअरच्या जवळपास घेतं. चार बल्ब एका लाकडी फळीवर बांधले, समांतर जोडले, फळी डिकीत ठेवली आणि ॲम्प्लिफायरच्या जागी वायरी लावल्या. डिकी अशी उजळली की शेजारच्या टपरीवरची माणसं बघायला आली. हे बल्ब भयंकर तापतात, काचेला बोट लावायचं नाही आणि फळी गालिच्यापासून उंच ठेवायची.

इंजिन बंद. लोडखाली बॅटरीच्या टर्मिनलवर १२.२१ व्होल्ट. डिकीत, बल्बांच्या टोकांवर, ११.६६. म्हणजे ०.५५ व्होल्ट वाटेत. कुठे, ते शोधायला मल्टिमीटरची एक लांब वायर करून घेतली होती. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं डिकीतल्या प्लसवर: ०.४३. बॅटरीच्या मायनसपासून डिकीतल्या बोल्टपर्यंत: ०.१२. बॉडीचा पत्रा, दोन्ही बोल्ट आणि पुढची पट्टी मिळून एवढंच, ही फारच चांगली बातमी होती. पण प्लसला हिशेबाने ०.११ यायला हवे होते. उरलेले कुठे गेले? मामांनी मीटर न लावताच फ्यूजचा होल्डर चिमटीत धरला आणि सोडून दिला. “हा बघा, तापलाय.” होल्डरच्या दोन टोकांवर प्रोब ठेवले तर ०.२९ व्होल्ट. वीस अँपिअरला ते जवळजवळ सहा वॉट होतात, आणि ते सगळे त्या बोटभर प्लास्टिकमध्ये. बाजारात सर्रास मिळणारा, पात्याच्या फ्यूजचा होल्डर. त्याच्यावर तीस अँपिअर छापलेलं होतं, पण त्यातून निघणारी शेपटी बारीक वायरीची आणि आतली पकड ढिली.

त्याजागी दोन बोल्टांमध्ये कसायचा, चाळीस अँपिअरचा पट्टीचा फ्यूज घातला. पुन्हा बल्ब लावले. प्लसचे ०.४३ होते ते ०.१५ झाले. एका होल्डरने पाच मीटर जाड केबलच्या अडीचपट व्होल्टेज खाल्लं होतं. म्हणून कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, वायर कितीही जाड घ्या, पण प्रत्येक जोडावर लोडखाली मीटर लावा. लोड नसताना सगळे जोड चांगलेच दिसतात.

ॲम्प्लिफायर लावल्यावरची मापं अशी. अँटेनाच्या जागी डमी लोड (लहर बाहेर न सोडता शक्ती उष्णतेत जिरवणारा), इंजिन आयडलिंगला, बाकी काही चालू नाही: बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पूर्ण शंभर वॉट दाबल्यावर १३.९, आणि ॲम्प्लिफायरवर १३.६. याहून जास्त काही मागायची गरज नाही.

मग वाईट परिस्थिती तयार केली. रात्र, पाऊस, हेडलाइट, वायपर, एसी, ब्लोअर पुरा, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत थांबलो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून हा सगळा लोड बघितला तर पंचेचाळीसच्या आसपास अँपिअर. साधे स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्यावं. म्हणजे आयडलिंगला अल्टरनेटर जेवढं देतो त्याहून जास्त गाडी स्वतःच मागत होती, ॲम्प्लिफायर चालू होण्याआधी. बॅटरीवर तेरा व्होल्टही टिकत नव्हते. अशा वेळी बोलायचं असेल तर मी ब्लोअर कमी करतो, एसी बंद करतो, हेडलाइटऐवजी पार्किंग लाइट ठेवतो. ॲक्सिलरेटर जरासा दाबून हजार-बाराशे आरपीएम ठेवले की अल्टरनेटरही सावरतो. एवढ्याने पुन्हा साडेतेराच्या वर येतं.

एक गोष्ट लक्षात आली. हायवेवर बॅटरी भरलेली असेल तर गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला सैल सोडतो, पेट्रोल वाचवायला. व्होल्टेज तेराच्या खाली उतरतं आणि बघणाऱ्याला वाटतं अल्टरनेटर गेला. हेडलाइट लावले की लोड वाढल्याचं त्याला कळतं आणि व्होल्टेज १४ च्या वर चढतं. शेजारच्या सीटवर बसून माझा पुतण्या बोलत असतो तेव्हा मी दिवसाही हेडलाइट लावतो, ते याचसाठी.

व्होल्टेजची एवढी काळजी का करायची, हेही करून बघितलं. कोल्हापूरच्या एका हॅम मित्राला घरच्या सेटवर ऐकायला बसवलं. त्याच्याकडे सिग्नल किती रुंद पसरतोय ते पडद्यावर दिसतं. मी आधी इंजिन चालू ठेवून जाड केबलवर बोललो. मग इंजिन बंद करून, मुद्दाम चार चौरस मिलिमीटरच्या वायरीवर, तेच वाक्य तसंच बोललो. ॲम्प्लिफायरवर तेव्हा जोराच्या शब्दाला ११.६ व्होल्ट उरत होते. शक्ती साधारण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. तेव्हा शंभराचे त्र्याहत्तर वॉट झाले असणार. डेसिबलमध्ये हा फरक दीडच्या आत, आणि एक एस-युनिट सहा डेसिबलचं. मित्र म्हणाला, “ताकदीत मला काही फरक दिसत नाही रे. पण दुसऱ्या वेळी शब्द सुरू होताना आवाज फाटत होता, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरत होतास.” माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य. वॉट कमी झाले म्हणून कुणाचं काही अडत नाही. आवाज फाटला तर समोरच्याला गावाचं नाव कळत नाही, आणि बँडवरच्या दुसऱ्याचं बोलणं आपण बुडवतो. आपत्तीच्या वेळी ते कुणालाच परवडणारं नाही. इंजिन बंद ठेवून बोलायचं असेल तेव्हा मी सेटची शक्ती कमी करतो, म्हणजे ॲम्प्लिफायर ताणला जात नाही आणि आवाज स्वच्छ राहतो.

कार ऑडिओवाले अशा वेळी एक फॅरडचा कॅपॅसिटर लावायला सांगतात. बासच्या ठोक्याला लाइट मिचकतात त्यावर उपाय म्हणून तो विकला जातो. साधा हिशेब करून बघा. एक फॅरड, एक व्होल्टने उतरू दिला तर एक कूलंब देतो. वीस अँपिअरला ते सेकंदाचा विसावा भाग पुरतात. एक अक्षरही पुरं होत नाही. मग बॅटरीलाच द्यायचं असतं आणि बॅटरीची वाट वाईट असेल तर कॅपॅसिटर ती सुधारत नाही. तेच पैसे चांगल्या फ्यूज होल्डरला आणि लगांना घालावेत. मोठा अल्टरनेटर, दुसरी बॅटरी, ही खटपट चारशे-पाचशे वॉटचे ॲम्प्लिफायर लावणाऱ्यांसाठी आहे, जिथे सत्तर-ऐंशी अँपिअर लागतात. छोट्या गाडीत तो उद्योग करूच नये असं मला वाटतं.

इंजिन बंद ठेवून किती वेळ चालेल? ३५ अँपिअर-अवरमधला पाव भाग, म्हणजे आठ-नऊ अँपिअर-अवर मी वापरायला मोकळा धरतो. सरासरी तीन अँपिअरला पावणेतीन-तीन तास. पण बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली की हा आकडा धरू नये. मी डॅशबोर्डवर छोटा व्होल्टमीटर लावलाय. ऐकत असताना, म्हणजे जवळजवळ लोड नसताना, १२.२ दिसले की इंजिन सुरू करतो. ही बॅटरी स्टार्टरसाठी बनवलेली असते, खोल उपसण्यासाठी नाही. वारंवार उपसली तर लवकर जाते.

विजेचं झाल्यावर रेडिओ लहरींचं थोडं निस्तरावं लागलं. शंभर वॉट दाबले की रिव्हर्स पार्किंगचे सेन्सर आपोआप बीप करायला लागत. डिकीचं दार नुसत्या बिजागरीवर असतं, ग्रीस आणि रंगामुळे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध कच्चा असतो. तांब्याची विणलेली पट्टी घेऊन दार बॉडीला दोन ठिकाणी जोडलं. अँटेना त्या दाराच्या कडेलाच असल्याने तिलाही खाली पक्की बॉडी मिळाली. सेन्सरच्या वायरीवर आणि ॲम्प्लिफायरच्या पॉवर केबलवर वायरीत घुसणाऱ्या रेडिओ लहरी अडवणारे फेराइटचे क्लॅम्प चढवले. बीप बंद झाली. प्रत्येक बँडवर पूर्ण शक्ती दाबून इंजिनचा आरपीएम हलतोय का, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागतोय का, हे उभ्या गाडीत बघितलं आणि मगच ती रस्त्यावर काढली. पाठवत असताना अँटेनाच्या जवळ कुणी उभं राहू नये. काठीला हात लागला तर आरएफचा, म्हणजे रेडिओ लहरीच्या विजेचा, चटका जोरात बसतो. लहान मुलं गाडीभोवती असली की मी माइक उचलत नाही.

गेल्या पावसाळ्यात कुंभार्लीच्या माथ्यावर, धुक्यात, मोबाइलला एक कांडी नसताना चिपळूणच्या बाजूच्या एका स्टेशनशी बोलणं झालं. त्याने पाच-सात असा रिपोर्ट दिला, म्हणजे बोलणं पूर्ण कळत होतं आणि सिग्नल बऱ्यापैकी जोरदार होता. मावशीच्या गल्लीपासून तो हॅम चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. तिचा पत्ता आता त्याच्या वहीत आहे आणि त्याचा माझ्या.

पावसाळा संपला की मी बल्बांची ती फळी पुन्हा डिकीत ठेवतो आणि सगळे जोड लोडखाली मोजतो. या वर्षी पुढच्या अर्थिंगच्या बोल्टवर हिरवट थर आला होता आणि ०.१२ चे ०.२० झाले होते. घासून, ग्रीस लावून पुन्हा ०.१२ वर आलं. आता रत्नागिरीच्या एका मित्राला त्याच्या नव्या गाडीत असंच करायचंय. तिला सिग्नलवर आपोआप बंद होणारं इंजिन आहे, सीटखाली दुसरी लिथियमची बॅटरी आहे आणि मायनस टर्मिनलवर सेन्सर आहे. लिथियमच्या बॅटरीला हात लावायचा नाही, पुढच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरूनच घ्यायचं आणि अर्थ बॉडीवरून, एवढं ठरलंय. तो गाडी घेऊन कराडला येईल तेव्हा आधी मामांच्या दुकानात, क्लॅम्प मीटर लावून, तिचा अल्टरनेटर आयडलिंगला काय देतो ते मोजणार आहोत. केबल त्यानंतरच कापायची.